कुठं भाजतंय ते सांगा

गुरुवारी भोसरीत लाइट नसते,
म्हणून माझी सुट्टी गुरुवारी,
आणि हौसाचा मशीनचा नंबरही गुरुवारचाच लागला.
लांडेवाडीच्या स्टॉपवरून सात-दहाची बस.
दवाखान्याच्या तळघरात जायला उतार आहे, पायऱ्या नाहीत.
स्ट्रेचरसाठी केलाय, पण तिला तो आवडला.

सव्वीस वर्षं मी इंडक्शनवर आहे.
तांब्याच्या वेटोळ्यात शाफ्ट उभा करायचा,
पेडल दाबायचं. आठ सेकंदांत
पिकल्या तोंडल्यासारखा लाल.
पाण्याचा फवारा, की पुढचा.
जाळ नाही, धूर नाही, लोखंड आपलं आपण तापतं.
नऊशे डिग्रीत वीस इकडं-तिकडं झाले
तर सुपरवायझर मान वर करत नाही.

इथं एका मोठ्या कड्यात हौसाला आडवी सरकवतात.
पोटाभोवती पाण्याची पिशवी, पखालीसारखी गच्च,
आणि कड्याच्या आत लपवलेल्या अँटेना.
मी तांबोळी मॅडमना विचारलं, फ्रीक्वेन्सी किती?
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.
सांगितली, आणि म्हणाल्या, तुम्ही कुठं असता कामाला?
मला ठाऊक होतं :
लहर फार घाईची असली की कातडीवरच खर्च होते,
आत पोचायचं तर सावकाश जावं लागतं.
(पोराशी बोलताना हे कधी आठवलं नाही.)

बेचाळीसच्या वर, त्रेचाळीसच्या आत.
एवढंच गाठायचं आणि तासभर धरून ठेवायचं.
तापल्या गाठीला किरणं जास्त लागू पडतात म्हणे.
बेचाळीस तर वैशाखात आमच्या पत्र्याखाली असतं!
मी हसलो. मॅडम हसल्या नाहीत.
म्हणाल्या, अर्ध्या डिग्रीसाठी तर मी इथं बसते.

"दोन ठिकाणी तार आत घातलीय,
मशीनला तेवढंच कळतं.
बाकीचं तुम्ही सांगायचं, मावशी.
कुठं टोचलं, कुठं भाजलं, लगेच.
तिथली ताकद काढून मी दुसरीकडं देईन."
हौसा म्हणाली, काही होत नाही. तुमचं चालू द्या.

आता ही बाई.
रक्त जात होतं ते वर्षभर अंगावर काढलं हिनं.
जुनं फडकं धुऊन मोरीमागं वाळत घालायची.
मी ते पाहिलं नाही
की पाहून विचारलं नाही, आता आठवत नाही.
कुकरची वाफ मनगटावर आली
तरी आधी गॅस बारीक करणार, मग हात नळाखाली.
माझ्या मशीनला असंच मुकं लोखंड लागतं.
ह्यांच्या मशीनला बोलणारं माणूस लागतं.
हे मला त्या स्टुलावर बसून कळलं,
रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली असताना.

दुसऱ्या गुरुवारी जांघेत फोड आला, रुपयाएवढा.
मॅडम रागावल्या, आधी तिच्यावर, मग माझ्यावर.
"न सांगता सोसलंत तर मला भीत भीत तापवावं लागतं.
मग गाठ थंडच राहते. तिला आराम."

तिसऱ्या गुरुवारी मी काचेशी उभा.
चाळीस-नऊ. एक्केचाळीस-चार.
हौसाच्या पायाचा अंगठा आखडला,
बाळंतपणात आखडला असेल तसा.
तेव्हा मी सेकंड शिफ्टला होतो.
एक्केचाळीस-सहा.
मग स्पीकरमधून खरखर,
"मॅडम, जरा…"
आणि घसा साफ करून, चांगलं मोठ्यानं,
"डावीकडं. भाजतंय. अहो, भाजतंय म्हटलं ना!"

मॅडमनी दोन बटणं फिरवली.
"आता?"
"आता नुसती ऊब."
बेचाळीस-एक.
मॅडम पाण्याची बाटली उघडून घटाघट प्यायल्या.

परतताना दापोडीच्या पुलावर बस अडकली.
हौसा खिडकीशी. बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली,
"उठा, इकडं बसा तुम्ही.
ऊन लागतंय मला."
मी उठलो.